आजोबांचा स्वेटर आटवताना : लहान मुलासोबत जुन्या लोकरीतून फेल्टच्या वस्तू

होळी झाली की नागपुरात आमच्या घरी गरम कपडे धुऊन ट्रंकेत जातात. दोन वर्षांपूर्वी त्या आवराआवरीत सासऱ्यांचा राखाडी स्वेटर हाती लागला. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात विणलेला. कसरीनं त्याची कोपराजवळ पार चाळण केली होती. घालण्याजोगा उरला नव्हता आणि टाकून देववत नव्हता. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. आजीला विचारून आम्ही दोघींनी तो स्वेटर आटवला आणि त्या जाड झालेल्या कापडातून लेकीच्या लाकडी बैलाची झूल, गोंडे, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या असं बरंच काही केलं. त्यानंतर आणखी चार स्वेटर आटवले. त्यातून जे हाताला कळलं ते इथे सगळं लिहिते आहे.

लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात धुतला की तो आटतो, हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं. तो आटताना धागे एकमेकांत इतके गुंततात की वीण दिसेनाशी होते आणि कापड नमद्यासारखं दाट होतं, त्यालाच फेल्ट म्हणतात. काश्मीरचे नमदे आणि कोल्हापूरकडचं जेन हे लोकर न विणता, नुसती ओली करून, दाबून केलेलं फेल्टच. आपण विणलेल्या कापडापासून सुरुवात करतो, एवढाच फरक. अशा आटलेल्या कापडाला कातर लावली तरी ते उसवत नाही, काठ दुमडून शिवावे लागत नाहीत. लहान मुलाच्या हातात द्यायला याहून सोयीचं कापड माझ्या पाहण्यात नाही.

आधी लोकर ओळखा

सगळं यश किंवा अपयश इथेच ठरतं, म्हणून इथे घाई करू नका. आपण मराठीत विणकामाच्या कुठल्याही जाड धाग्याला ‘लोकर’ म्हणतो. दुकानातल्या ‘लोकरीच्या’ गुंड्यांपैकी पुष्कळ ॲक्रिलिकच्या असतात, आणि हिवाळ्यात रस्त्याकडेला मिळणाऱ्या रंगीत स्वेटरांपैकीही बरेचसे. ॲक्रिलिक कितीही उकळलं तरी आटून दाट होत नाही. मी पहिल्यांदा ज्या लाल स्वेटरवर प्रयोग केला तो दुकानदारानं शुद्ध लोकरीचा म्हणून दिला होता. तीन वेळा कढत पाण्यात धुतला, होता तसाच बाहेर आला. लेक प्रत्येक वेळी मशीनचं झाकण उघडायला धावत होती. त्या दिवशी तिचा हिरमोड झाला याचं मला अजून वाईट वाटतं. आता आधी तपासते, मगच तिला सांगते.

आतल्या शिवणीजवळची चिठ्ठी वाचा. १०० टक्के वूल, लँब्सवूल, मेरिनो किंवा कॅशमिअर असं लिहिलेलं असेल तर उत्तम. थोडं नायलॉन मिसळलेलं चालतं, पण लोकर ८० टक्क्यांच्या खाली गेली की भरवसा राहत नाही. ‘हातानं धुवा’ किंवा ‘ड्रायक्लीन’ अशी सूचना आपल्यासाठी शुभच. याउलट ‘सुपरवॉश’ किंवा मशीनमध्ये धुता येईल असं लिहिलेली लोकर टाळा. ती आटू नये म्हणून तिच्यावर कारखान्यातच प्रक्रिया केलेली असते.

हातविणीच्या स्वेटरला चिठ्ठी कुठली असणार? त्यासाठी एक परीक्षा आहे आणि ती मूल स्वतः करू शकतं. शिवणीतून वीतभर धागा काढा, मधोमध तोडा. दोन्ही टोकांचे पदर बोटांनी पिंजून सुटे करा, एकमेकांवर ठेवा, कोमट पाण्याचे दोन थेंब आणि किंचित साबण लावा. मग दोन्ही तळव्यांमध्ये, वात वळतो तसं, जोरजोरात मिनिट-दोन मिनिटं चोळा. तळवे गरम झाले पाहिजेत. आटणारी लोकर असेल तर दोन टोकांचा एकच धागा होतो आणि हलकेच ओढला तरी सुटत नाही. ॲक्रिलिकची टोकं तशीच सुटी राहतात. सुपरवॉश लोकरही इथे नापास होते, म्हणून ही परीक्षा चिठ्ठीपेक्षाही खरी.

दुसरी परीक्षा ज्योतीची, ती फक्त मोठ्यांनी करायची, मूल खोलीत नसताना, ओट्यावर, सांडशीत धागा धरून. लोकर सावकाश जळते, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योतीपासून दूर नेली की विझते आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक भुरकन पेटतं, वितळतं आणि मागे काळा कडक मणी उरतो.

घोंगडीचा तुकडा वापरावा का, असं मला मैत्रिणींनी विचारलं आहे. दख्खनी मेंढीची ती लोकर भरड असते, मुलाच्या हाताला टोचते, आणि घोंगडी मुळात टिकण्यासाठीच विणलेली असते. ती घोंगडी म्हणूनच वापरा.

मुलाला समजावण्यापुरतं शास्त्र

लेकीनं विचारलं, ‘पण ते चिकटतं कशानं? फेविकॉल तर नाही लावला.’ मी तिला गवतातून चालताना फ्रॉकला लागलेलं कुसळ आठवायला सांगितलं. कुसळ पुढे सरकतं, आत शिरतं, पण मागे ओढलं तर अडतं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यानं तंतू फुगतो आणि लवचिक होतो, साबणानं तो सरकायला लागतो, आणि चोळलं की प्रत्येक तंतू एकाच दिशेनं पुढे जातो. खवल्यांमुळे परत फिरता येत नाही. हजारो तंतू असे एकमेकांत शिरले की कापड आखडतं. म्हणून आटलेला स्वेटर पुन्हा सैल होत नाही.

हे घरी दाखवता येतं. आपला एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटं केसाच्या लांबीच्या दिशेनं पुढे-मागे हलवा. केस नेहमी मुळाच्या बाजूकडे सरकत जातो. उलटा धरला की उलट्या दिशेनं चालतो. लेकीनं त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे केस मागून घेतले.

आटवण्याची तयारी

ज्यानं तो स्वेटर घातला किंवा विणला त्याला आधी विचारा, आणि कातर लावण्याआधी एक फोटो काढून ठेवा. हे मी औपचारिकता म्हणून सांगत नाही. सासूबाईंनी होकार दिला, पण गळ्याजवळची पट्टी मला हवी म्हणाल्या. ती आम्ही आधीच वेगळी काढून दिली.

स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास असेल तर तो थेट मुलाच्या हातात देऊ नका. दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात टाका आणि वास पूर्ण गेल्यावरच घ्या. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन लहान मुलांना बाधतं. खिसे आणि बाह्या चाचपून एखादी गोळी राहिली नाही ना हेही पाहा. कसर लागलेला असेल तर बाहेर नेऊन झटका. ६० अंशांच्या पाण्यात अळ्या आणि अंडी टिकत नाहीत, पण धुण्याआधी तो इतर कपड्यांत ठेवू नका.

बटणं, चेन, कापडी बिल्ले काढा. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर बटणं लगेच डब्यात बंद करा. हातविणीच्या स्वेटरच्या शिवणी उसवून पुढचा भाग, पाठ आणि बाह्या वेगळ्या करा. अख्खा आटवला तर शिवणीजवळ चुण्या कायमच्या बसतात आणि तेवढं कापड वाया जातं.

मग मोजमाप. हे काम पूर्ण मुलाचं. बाही किती वीत, पाठ किती वीत आणि चार बोटं, ते तिला मोजू द्या. वर्तमानपत्रावर बाही ठेवून भोवती खडूनं रेघ ओढा आणि तो कागद जपून ठेवा. आमची बाही तिच्या साडेचार विती होती, आटून तीन झाली. कागदावरच्या रेघेच्या आत आटलेली बाही ठेवली तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

धुलाई

एक नियम आमच्या घरी पक्का आहे : कढत आणि धारदार ते माझं, साबण, मोजणं, गुंडाळणं, दाबणं आणि रंग ठरवणं तिचं. ६० अंशांचं पाणी लहान मुलाची त्वचा काही सेकंदांत भाजतं. मुलाचे हात ज्या पाण्यात जाणार ते आंघोळीच्या पाण्याइतकं कोमटच हवं.

पाणी तापवणारं मशीन असेल तर काम सोपं आहे. तुकडे उशीच्या जुन्या अभ्र्यात घाला, तोंड दोऱ्यानं घट्ट बांधा. अभ्रा टाळू नका. आटताना लोकरीचा खूप भुसा सुटतो आणि तो मशीनच्या जाळीत आणि नळीत अडकतो. सोबत एखादी जुनी जीन्स किंवा दोन टेनिसबॉल टाका, घर्षण वाढतं. चमचाभर पातळ साबण, ६० अंश, पूर्ण फेरी. गडद रंग वेगळे लावा. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको, ते लोकर विरघळवतं.

पाणी न तापवणाऱ्या मशीनमध्ये गिझरचं किंवा गॅसवर तापवलेलं पाणी बादलीनं ओता. मशीनच नसेल तरी अडत नाही. जाड बादलीत कढत पाणी, थोडा किसलेला धुण्याचा साबण आणि तुकडे घालून लाकडी धोपाटण्यानं दहा-पंधरा मिनिटं कुटा. नंतर पाणी कोमट झाल्यावर मोरीच्या खरबरीत दगडावर मुलाला चोळू द्या. इथे पंधरा मिनिटांत मुलाचे हात थकतात, तेव्हा थांबा. त्याच्या वाट्याचं काम तेवढंच, पण खरं. त्याच्या चोळण्यानं कापड खरोखर आटतं, आणि हे त्याला हाताखाली जाणवतं.

झालं की नाही ते असं ओळखा : टाके दिसेनासे झाले पाहिजेत, आणि कोपऱ्यात कातर मारली तर धागा सुटता कामा नये. जाडी साधारण ३ ते ५ मिलिमीटर यावी. टाके अजून दिसत असतील तर पुन्हा एक फेरी. जाड, सैल विणलेला स्वेटर लवकर आटतो, बारीक घट्ट विणीच्याला दोन-तीन फेऱ्या लागतात. केबलची, म्हणजे दोरीच्या पिळासारखी वीण आटली तरी उंचसखल राहते, ती चकत्यांना नको, पिशवीला छान दिसते.

शेवटी थंड पाण्यात साबण जाईपर्यंत विसळा, पंच्यात गुंडाळून दाबा, पिळू नका. गुंडाळीवर मुलाला उभं राहून पाय द्यायला सांगा, पाणी सहज निघतं. ओलं असतानाच हातानं ओढून चौकोनी करा आणि सावलीत सपाट वाळत घाला. विदर्भाच्या मे महिन्यात हे एका दुपारीत वाळतं, पावसाळ्यात मात्र दोन-तीन दिवस कुबट वास सोडत नाही. म्हणून आटवणं उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि कातरकाम-शिवण पावसाळ्यात, असं आमचं ठरलेलं आहे.

पहिली वस्तू : गोंडे

पहिल्या बैठकीला गोंडा घ्या. तो बिघडत नाही, आणि मुलाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम मिळतं.

यासाठी स्वेटरचा एखादा भाग न आटवता बाजूला ठेवलेला असावा. हातविणीची बाही वरच्या टोकाकडून उसवायला घ्या, एकदा धागा लागला की तो सरसर सुटतो. मूल ओढतं, आपण गुंडाळायचं, मग अदलाबदल. मशीनवर कापून शिवलेला स्वेटर मात्र उसवत बसू नका. आतल्या शिवणीला ओव्हरलॉक, म्हणजे कापलेल्या काठावर मशीननं घातलेली दोऱ्यांची गुंफण, दिसलं की समजायचं, प्रत्येक ओळीचा धागा तुटलेला आहे.

धाग्याची घट्ट गुंडी करा. बैलाच्या गळ्यासाठी लिंबाएवढी, खेळायला संत्र्याएवढी. दर दहा वेढ्यांनी दिशा बदलायला सांगा. शेवटचं टोक बोथट जाड सुईनं आत खुपसा. मग परातीत कोमट साबणपाणी घेऊन मुलाला ही गुंडी लाडू वळतो तशी वळू द्या. सुरुवातीला अगदी हलक्या हातानं, वरचे धागे धरायला लागले की जोरानं. माझ्या लेकीनं आजीला बेसनाचे लाडू वळताना पाहिलेलं होतं, तिला वेगळं शिकवावं लागलं नाही. वरचा थर धरल्यावर गुंड्या जुन्या नायलॉनच्या पायमोज्यात एकेक घाला, प्रत्येकीनंतर गाठ मारा म्हणजे त्या एकमेकींना चिकटणार नाहीत, आणि कढत पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या द्या. गोंडा आतून वाळायला चार-पाच दिवस घेतो. दाबून ओलसर लागला तर थांबा.

चकत्या

वाटी पालथी ठेवून शिंप्याच्या खडूनं गोल काढायचं, आपण मोठ्या धारदार कातरीनं कापायचं. मुलांच्या बोथट कातरीनं जाड फेल्ट कापलं जात नाही, उगाच हात दुखतात आणि चिडचिड होते. मुलाला कापायची हौस असेल तर बोटभर रुंद पट्ट्या कापून द्या. त्यांचे तो तुकडे पाडू शकतो आणि ते पुढे नक्षीला लागतात.

काठाशी सेंटिमीटरभर अंतरावर मी आरीनं भोकं पाडून देते. मग बोथट सुईत रंगीत लोकर ओवून लेक धावदोरा घालते. खाली-वर, खाली-वर. दोऱ्याची लांबी तिच्या एका हाताएवढीच ठेवा, लांब झाला की गुंता होतो. टाका चुकला तर उसवायला लावू नका, चकतीचं काही बिघडत नाही. फेल्टिंगची म्हणून जी खाचांची बारीक सुई बाजारात मिळते ती या वयात नको. ती अतिशय तीक्ष्ण असते आणि बोटात मोडते.

लोकर उष्णता रोखते, चटकन पेट घेत नाही. त्यामुळे कप आणि दुधाचं पातेलं या चकतीवर खुशाल ठेवा. गॅसवरून उतरवलेला तवा ठेवलात तर मात्र ती करपेल.

बैलाची झूल

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवतात. नागपुरात तो रघूजीराजे भोसले दुसरे यांनी १८०६ साली सुरू केला असं सांगितलं जातं. बाजारात चमकीच्या तयार झुली मिळतात, पण आजोबांच्या स्वेटरची झूल घातलेला बैल आमच्या गल्लीत एकच होता.

बैलाच्या पाठीवर वर्तमानपत्राचा कागद ठेवा, मुलाला दोन्ही हातांनी तो दोन्ही बाजूंना दाबून बसवू द्या, आणि कुठपर्यंत झूल हवी तिथे त्यालाच खुणा करू द्या. वशिंडापुढे झूल जात असेल तर तिथे गोल खाच ठेवावी लागते. कागद आधी बैलावर घालून पाहा, नीट बसला की तो फेल्टवर चिकटपट्टीनं लावून कापा. आमची पहिली झूल वशिंडावर अडून उभी राहत होती. खाच बोटभर वाढवली, बसली.

नक्षीसाठी इतर रंगांचे उरलेले तुकडे लागतात. मी त्रिकोण, गोल, पानं कापून ताटात ठेवते आणि मांडणी पूर्ण लेकीवर सोडते. तिनं सगळे गोल एकाच बाजूला लावले होते, दुसरी बाजू कोरी. मी हात आवरला. चिकटवायला फेविकॉल चालतो, रात्रभर वजनाखाली ठेवा. मात्र पाण्यात तो सैल होतो, म्हणून भाद्रपदातल्या पावसाचा विचार करून प्रत्येक तुकड्याला मी नंतर मधोमध दोन टाके घालते. आरसे लावायचे तर तेही आपणच शिवावेत. पोटाखालून बांधायला तीन पदरी वेणी घाला. केसांची वेणी घालता न येणाऱ्या मुलालाही जाड लोकरीची येते, फक्त एक टोक खुर्चीच्या पायाला बांधून द्यावं लागतं. शेवटी झुलीच्या चारी कोपऱ्यांना गोंडे आणि गळ्यात एक मोठा.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत लाकडी बैल नसेल, पण तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानांत खऱ्या लोकरीचे स्वेटर मिळणं सोपं असतं. झुलीऐवजी बोटबाहुल्या करा. आटलेल्या बाहीचा मुलाच्या बोटाहून थोडा रुंद तुकडा दुमडून दोन बाजूंनी शिवला की झाली बाहुली.

जपणूक आणि उरलंसुरलं

तयार वस्तू थंड पाण्यात हातानं धुवा, नाहीतर आणखी आटतील. ट्रंकेत ठेवण्याआधी एक दिवस ऊन दाखवा आणि हवाबंद पिशवीत घाला. सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला आम्ही ठेवतो, पण खरा भरवसा पिशवीच्या घट्ट तोंडावर आणि दोन महिन्यांनी एकदा उघडून पाहण्यावर.

शेवटी हातभर कपटे उरतात. ते फेकू नका. दोन चकत्या एकमेकींना शिवून बशीएवढी पिशवी करा, तोंड उघडं ठेवा आणि मुलाला ते कपटे बोटानं आत कोंबू द्या, अगदी ठासून. तोंड शिवलं की टाचण्यांची उशी तयार होते. आमची पहिली उशी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात आहे. त्यांनी ठेवून घेतलेली गळ्याची पट्टी तिच्याभोवती त्यांनी स्वतः शिवून टाकली.